नऊ टक्के कोण देतो, आणि का देतो?



धानाचे चुकारे झाले, उधारी वसूल झाली, की सावली-मूलच्या बाजारात दुकानदाराच्या हातात थोडा पैसा मोकळा होतो. नेमकं तेव्हाच कुणीतरी सांगतं, "भाऊ, एफडीत काय ठेवता? क्रेडिट रिस्क फंड घ्या, नऊ टक्के आहे." माझं मत सरळ सांगतो: दुकानाच्या खेळत्या भांडवलासाठी हा फंड नाही.

हे नऊ टक्के येतात कुठून? सेबीच्या नियमानुसार या फंडाला किमान ६५ टक्के पैसा एए किंवा त्याहून खालचं रेटिंग असलेल्या कंपन्यांच्या रोख्यांत ठेवावा लागतो. ज्यांना स्वस्तात कर्ज मिळत नाही, त्या कंपन्या जास्त व्याज देतात. आपल्याकडे रोखीचा गिऱ्हाईक भाव पाडून घेतो. "दोन रुपये जास्त लावा, पण खात्यावर लिहा" म्हणणाऱ्याची वसुली कशी असते, ते तुम्हाला माहीत आहे.

आता हिशोब करू. समजा १० लाख टाकले. फंडाचं यील्ड ९ टक्के, खर्च दीड टक्का. उरले साडेसात. एफडी ७ टक्के धरली, तर वर्षाला जास्तीचे मिळाले फक्त ५,००० रुपये. पण फंडाचा ५ टक्के पैसा असलेली एक कंपनी पूर्ण बुडाली, तर तुमचे ५०,००० गेले. दहा वर्षांची जास्तीची कमाई एका फटक्यात साफ!

दुसरा धोका अडकण्याचा. २३ एप्रिल २०२० ला, ऐन लॉकडाऊनमध्ये, फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट योजना बंद केल्या. त्यांत २५ हजार कोटींहून जास्त रक्कम होती. एका योजनेच्या नावात तर 'अल्ट्रा शॉर्ट' होतं! पुढे टप्प्याटप्प्याने पैसे परत आले, एकूण रक्कम त्या दिवशीच्या किमतीपेक्षा जास्तच भरली, हेही खरं. पण पहिलं मोठं वाटप फेब्रुवारी २०२१ मध्ये झालं. रोवण्याच्या आधी खत-बियाण्यांचा माल भरायचा असेल, तर दहा महिने कोण थांबेल?

म्हणून फंड घेण्याआधी तीन प्रश्न विचारा.

१. हा पैसा मला कधी लागणार? तीन वर्षांच्या आत लागणार असेल, तर विषय संपला.

२. पैसा कुणाकडे आहे? दर महिन्याच्या फॅक्टशीटमध्ये कंपन्यांची नावं, रेटिंग आणि प्रत्येकीचा वाटा असतो. एकाच कंपनीकडे किंवा एकाच उद्योगसमूहाकडे जास्त पैसा दिसला, तर थांबा.

३. खर्च वजा जाता हातात काय उरतं? १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या युनिटवरचा नफाही एफडीच्या व्याजासारखा स्लॅबप्रमाणे करपात्र आहे. शिवाय बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, फंडाला नाही.

तिन्ही उत्तरं पटली, तर बाजूला ठेवलेल्या बचतीतला छोटा हिस्सा जरूर टाका. मालाचा पैसा मात्र एफडीत किंवा लिक्विड फंडातच बरा. आपल्याला नफा दुकानातून कमवायचा आहे, आणि त्यासाठी हंगामाच्या दिवशी पैसा हातात पाहिजे.

आज रात्रीच वही काढा आणि मालाचा पैसा किती, बचतीचा किती, हे वेगळं लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!