प्रेक्षक की शेजारी?

राज्यसेवेची तयारी करणारे तरुण-तरुणी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून पुण्याच्या सदाशिव पेठेत येतात. अभ्यासिका, खानावळी आणि शिकवणी वर्ग यांनी पेठेच्या गल्ल्या गजबजलेल्या असतात. २०२० च्या टाळेबंदीत हे सारे थंडावले. विद्यार्थी गावी परतले आणि एरवी फळ्यासमोर उभे राहणारे अनेक शिक्षक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. त्याच काळात चर्चची दारेही बंद होती. पोप फ्रान्सिस यांची सांता मार्ता येथील दररोजची मिस्सा ९ मार्च ते १७ मे २०२० या काळात जगभर थेट दाखविली गेली. आपल्याकडेही अनेक धर्मग्रामांतून ख्रिस्तयागाचे प्रक्षेपण सुरू झाले.

टाळेबंदी संपली, पण कॅमेरा राहिला. आज आपले तरुण विचारतात, "थेट प्रक्षेपणाचे प्रेक्षक कसे वाढवावेत?" हा प्रश्न कमी लेखण्याजोगा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजीच प्रसारमाध्यमांविषयी स्वतंत्र हुकूमनामा प्रसृत करून ही साधने सुवार्तेच्या कार्यासाठी वापरण्यास सांगितले होते.

प्रेक्षक वाढविण्यात गूढ असे फारसे नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी प्रक्षेपण व्हावे लागते. चित्र थोडे अंधूक असले तरी लोक चालवून घेतात, आवाज फाटका असला तर निघून जातात. जो शिक्षक विद्यार्थ्याची शंका नाव घेऊन तिथल्या तिथे सोडवतो, त्याच्याकडे तो विद्यार्थी दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करण्यासाठी यूट्यूबला किमान ५० सदस्य लागतात. जाहिरातींचे उत्पन्न मिळविण्याचा एक मार्ग म्हणजे १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण. पालकांनी आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. २२ जुलै २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना यूट्यूबवर एकट्याने थेट प्रक्षेपण करता येत नाही.

खरा पेच याच्या पुढे आहे. कोणती चित्रफीत किती जणांपुढे ठेवायची हे ठरविणारी संगणकीय यंत्रणा माणूस किती वेळ खिळून राहिला हे मोजते. तो अधिक चांगला झाला की नाही, हे ती मोजू शकत नाही. राग, कुचाळकी आणि भीती माणसाला सहज खिळवून ठेवतात. म्हणूनच आकड्याच्या मागे लागलेला सज्जन माणूसही हळूहळू आवाज चढवू लागतो. हा मोह वेदीपर्यंतही पोहोचू शकतो. ख्रिस्तयाग हा कार्यक्रम नव्हे आणि भाविक हे प्रेक्षक नव्हेत. कोणतेही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही, असे कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी १५ ऑगस्ट २०२० च्या पत्रात स्पष्ट केले होते. अंथरुणाला खिळलेल्या आजीला पडद्यावरची मिस्सा मोठा दिलासा देते, परंतु पवित्र कम्युनियन तिच्या घरी कुणीतरी पायी चालत जाऊनच न्यावे लागते.

पाहणे आणि जवळ जाणे यांतील हे अंतर सदाशिव पेठेनेच एकदा साऱ्यांना दाखवून दिले. २७ जून २०२३ रोजी सकाळी तेथील रस्त्यावर एका तरुणाने कोयता घेऊन एका तरुणीचा पाठलाग केला. ती जीव मुठीत धरून धावत होती. पाहणारे होते, मागे सरणारेही होते. अशा वेळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे तरुण पुढे धावले, त्यांनी हल्लेखोराला रोखले आणि तिचा जीव वाचला. सीसीटीव्हीतील ती दृश्ये नंतर देशभर पाहिली गेली. पाहणारे असंख्य होते, परंतु तिच्या कामी आले ते पुढे धावलेले मोजकेच.

याच्या महिनाभर आधी, २९ मे २०२३ रोजी, व्हॅटिकनच्या दळणवळण विभागाने समाजमाध्यमांवरील ख्रिस्ती वर्तनाविषयी एक चिंतन प्रसिद्ध केले होते. त्याचा पाया होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला. त्या दाखल्यातील याजक आणि लेवी या दोघांनीही जखमी माणसाला पाहिले होते. त्यांच्या डोळ्यांत काही उणे नव्हते, उणे होते ते पावलांत.

म्हणून आमचे सांगणे इतकेच, की प्रेक्षक अवश्य वाढवावेत, पण त्यातील प्रत्येकाला शेजारी मानावे. धर्मग्रामाच्या प्रक्षेपणावर नेहमी प्रार्थना-विनंती लिहिणारी व्यक्ती दोन रविवार दिसली नाही, तर युवा मंडळाने तिची चौकशी करावी. जे आजारपणामुळे घरीच मिस्सा पाहतात, त्यांची यादी करून धर्मगुरूंना द्यावी. जे धडधाकट असूनही सोयीसाठी घरी बसतात, त्यांना प्रेमाने चर्चमध्ये बोलवावे. आणि रस्त्यावर कुणी संकटात असेल, तर आपला हात खिशातील मोबाइलकडे जाण्याआधी त्या माणसाकडे जावा.

प्रभू येशूने शास्त्र्याला किती जणांनी पाहिले हे विचारले नाही. जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला, हे विचारले. तोच प्रश्न आज कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या आपणा सर्वांना आहे.