जुन्या चेनसॉला मोठे सिलिंडर-पिस्टन: ई-२० पेट्रोलच्या काळात हिशेब बसतो का?

सातारा-सांगलीच्या उसापासून बनलेले इथेनॉल आता आपल्याच वुडकटरच्या टाकीत परत येत आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० सालचे होते. ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठले गेले. कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना त्याचा आधार मिळाला, हे खरेच. पण जुन्या टू-स्ट्रोक चेनसॉचे गणित त्यामुळे बदलले. मशीन जाम झाले की फिटर सुचवतो, ‘किट बदलायचेच आहे, तर एक साईज मोठे टाकू, ताकद वाढेल.’ हा सल्ला कधी पटणारा आहे आणि कधी पैसे पाण्यात घालणारा, ते पाहू.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. किर्लोस्करवाडीच्या या मुलुखात ऑईल इंजिनचे बोअर मारून ओव्हरसाईज पिस्टन बसवणे नवे नाही. चेनसॉला मात्र हे चालत नाही. त्याचे सिलिंडर ॲल्युमिनियमचे असते आणि आतून निकेल किंवा क्रोमचा अगदी पातळ, कठीण थर दिलेला असतो. लेथवर बोअर मारला की तो थर गेला. म्हणून इथे मोठा पिस्टन म्हणजे नवे मोठे सिलिंडरसुद्धा, आणि तेही त्याच क्रँककेसवर बसणारे हवे.

असे जोड खुद्द कंपन्यांच्याच मॉडेलांत सापडतात. स्टिलच्या ०२९ (एमएस २९०) मध्ये ४६ मिमी बोअर असून क्षमता ५६.५ सीसी आहे. ०३९ (एमएस ३९०) मध्ये ४९ मिमी बोअर आणि ६४.१ सीसी. स्ट्रोक दोन्हींत ३४ मिमीच. त्यामुळे ०२९ वर ०३९ चे सिलिंडर-पिस्टन बसवण्याची पद्धत जगभर रूढ आहे. क्षमता सुमारे १३ टक्के वाढते. लहान एमएस १७० ला एमएस १८० चे किट लावले, तर ३०.१ चे ३१.८ सीसी होते. म्हणजे जेमतेम साडेपाच टक्के. एवढ्यासाठी खर्च करण्यापेक्षा चेनला नीट धार लावा, फरक जास्त जाणवेल.

बिगरब्रँड मशीनच्या डब्यावरच्या आकड्यावर तर विसंबूच नका. बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५ गुणिले स्ट्रोक, भागिले १०००, हा हिशेब दुकानातच करा. ४५.२ मिमी बोअर आणि ३४ मिमी स्ट्रोक असेल, तर उत्तर ५४.५ सीसी येते. डब्यावर ५८ छापले असले तरी.

आता मूळ मुद्दा. जुना पिस्टन का गेला? इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५ किलो. जुनी सेटिंग तशीच ठेवली, तर मिश्रण आठेक टक्के पातळ होते, इंजिन तापते आणि सायलेन्सरच्या बाजूने पिस्टनवर ओरखडे उठतात. ओरखडे कार्ब्युरेटरच्या बाजूने असतील, तर दोष बहुधा फिल्टरमधून आत गेलेल्या धुळीचा. क्रँकचे ऑईल सील किंवा कार्ब्युरेटरमागचा रबरी जोड हवा घेत असेल, तरी मिश्रण पातळ होतेच. हे कारण न शोधता मोठे किट टाकले, तर तेही तसेच जाईल. शिवाय मोठे सिलिंडर जास्त उष्णता तयार करते, पण थंड करणारा फ्लायव्हीलचा पंखा तोच राहतो.

अनेक माहितीपुस्तिकांत हाताने जुळवायच्या कार्ब्युरेटरसाठी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा दिलेली असते. तेव्हा किट बदलल्यावर ‘एच’ स्क्रू नव्याने आणि शक्यतो टॅकोमीटर लावूनच जुळवून घ्या. ‘ऑईल थोडे जास्त टाका’ हा नेहमीचा उपाय इथे उलटा पडतो. ऑईल वाढले की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी येते. चांगल्या टू-स्ट्रोक ऑईलचे लिटरला २० मिली म्हणजे ५०:१, हे प्रमाण पुस्तिकेत असेल तर तेच ठेवा. बसवताना पिस्टन आणि हेडमधली फट सोल्डर तारेने मोजायला सांगा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी नको.

आमचे मत असे. पाटण-जावळीकडे जाड लाकडाचे रोजचे काम आहे, मशीन ०२९ सारखे दणकट आहे आणि क्रँकच्या बेअरिंगला ढिलाई नाही, तर मोठे किट परवडते. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षबाग काढायची किंवा आटपाडीत बांधावरची बाभूळ छाटायची असेल, तर मूळ साईजचेच किट घ्या. बेअरिंग वाजत असेल, तर कोणतेच किट घेऊ नका. आणि ताकद कितीही वाढवा, स्वतःच्या शेतातले असले तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियमातील अनुसूचित झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. ई-२० हवेतली ओल ओढते. पाणी जास्त झाले की इथेनॉल त्याच्यासह तळाशी बसते आणि ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते, म्हणजे इंजिनला वंगण नसलेले इंधन जाते. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच मिश्रण करा. मशीन ठेवून देण्याआधी टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.