दया आणि दक्षता

इटलीची राजधानी रोम. तेथील गजबजलेल्या रस्त्यांच्या मधोमध, रस्त्याच्या पातळीखाली कित्येक हात खोल, चार प्राचीन देवळांचे भग्नावशेष आहेत. या स्थळास लार्गो दि तोरे अर्जेंतीना असे म्हणतात. इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्यूलियस सीझरचा वध झाला, तो याच परिसरात. १९२० नंतरच्या दशकात उत्खनन होऊन हे अवशेष उजेडात आले आणि पुढे शहरातील बेवारशी मांजरांनी त्यांचा आसरा घेतला. जेथे एके काळी सत्तेसाठी खंजीर उपसले गेले, तेथे आज लंगडी, आंधळी आणि म्हातारी मांजरे निर्धास्तपणे ऊन खात पडलेली दिसतात.

हे निर्धास्तपण आपोआप आलेले नाही. प्रारंभी काही दयाळू स्त्रिया तेथे येऊन मांजरांना अन्न घालीत. अशा स्त्रियांना रोममध्ये ‘गात्तारे’ म्हणतात. त्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु केवळ अन्नाने मांजरांचे दुःख संपत नाही. मांजराची मादी सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि तिच्या पिलांतील मादी सहा महिन्यांच्या आतबाहेर स्वतः गाभण राहू शकते. तोंडे वाढतात, भांडणे वाढतात, रोग पसरतात. पोटभर खाऊनही पिले मरतात. म्हणून अन्नदानाला व्यवस्थेची जोड देणे अवश्य होते. १९९० नंतरच्या दशकात स्वयंसेवकांनी तेथे मांजरांचा एक आश्रम उभा केला. पांजरपोळाचाच हा एक प्रकार म्हणावयाचा.

अशा आश्रमातील एखाद्या आंधळ्या मांजराचा दिवस कसा जातो, हे पाहण्यासारखे असते. सकाळी पिंजरे झाडून पुसून स्वच्छ करावे लागतात, मातीची पात्रे पालटावी लागतात, ताजे पाणी भरावे लागते. आंधळ्या मांजराची थाळी मात्र रोज ठरल्या जागीच ठेवावयाची. कारण मिशांचा स्पर्श, वास आणि चाहूल यांच्या आधाराने त्याने आपले लहानसे जग मनात मांडलेले असते. थाळी दोन हात सरकली, तरी ते जग विसकटते. खाणे आटोपले की ते खरखरीत जिभेने अंग चाटून स्वच्छ करते आणि झोपी जाते. दिवसाचे बारा तास आणि त्याहूनही अधिक वेळ मांजर झोपेत घालविते. सेवकाला मात्र तेवढी उसंत नसते. कोणाला औषध द्यावयाचे, कोणाच्या डोळ्यांत थेंब घालावयाचे, कोणाला लस टोचावयाची, हे सारे त्याने वेळच्या वेळी पाहावयाचे असते. शिवाय मांजर आपले दुखणे लपविते. सकाळी थाळीत उरलेले अन्न हीच पुष्कळदा त्याच्या आजाराची पहिली खूण असते. ती ज्याच्या नजरेतून सुटत नाही, तोच खरा सेवक.

इटलीने १९९१ साली याविषयी कायदा केला. मोकळ्या राहणाऱ्या मांजरांना छळणे त्या कायद्याने निषिद्ध ठरले. शस्त्रक्रिया करून त्यांचे प्रजनन थांबवावे आणि त्यांना पुन्हा त्यांच्या कळपात सोडावे, असेही त्यात सांगितले आहे. वरवर पाहता ही शस्त्रक्रिया कठोर वाटेल. परंतु ज्या पिलांना अन्न, औषध आणि निवारा देता येणार नाही, ती जन्मालाच येऊ नयेत, यात कठोरपणा नसून दूरदृष्टी आहे.

या आश्रमाला विरोधही झाला. २०१२ साली पुरातत्त्व खात्याने तो तेथून हलविण्याची मागणी केली. दोन हजार वर्षांच्या वास्तूला धक्का लागू नये, ही त्या खात्याची चिंता खोटी नव्हती. अनेक नागरिक मात्र मांजरांच्या बाजूने उभे राहिले आणि आश्रम टिकला. पुढे २०२३ साली ते अवशेष लोकांना फिरून पाहता यावेत, म्हणून तेथे वाटा बांधण्यात आल्या. मांजरेही तेथेच राहिली. जुन्या दगडांचे जतन आणि जिवंत प्राण्यांचे रक्षण या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहीत, हेच यावरून दिसून आले. मात्र त्यासाठी दोन्ही बाजूंस शिस्त पाळावी लागते.

मांजर दिसले की त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवावी, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः अनेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. स्वच्छ पाणीच त्यांना अधिक हितकर असते. वाटी ठेवणाऱ्याला समाधान लाभते, पोट मात्र मांजराचे बिघडते! दयेची अशी फसगत नेहमीच होते. ज्याच्यावर दया करावयाची, त्याची गरज न ओळखता केलेली दया ही बहुधा स्वतःचेच मन रिझविते.

दया मनात उपजते ती क्षणात. परंतु ती टिकते रोजच्या कष्टांनी. गोंडस पिलाला कुरवाळणारे हात पुष्कळ असतात. म्हाताऱ्या, आंधळ्या मांजराची थाळी पावसाच्या दिवशीही ठरल्या वेळी, ठरल्या जागी ठेवणारे हात थोडे असतात. पण मुक्या जिवाला आधार वाटतो, तो त्या थोड्या हातांचाच.