वाहिनी वेगळी चालेल, बाइट ठरलेले हवेत

एडिटर आणि लँग्वेज सर्व्हर या दोन स्वतंत्र प्रोसेस. त्या एकमेकींशी बोलतात ते बहुतेक वेळा साध्या स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून. आधी ‘कंटेंट-लेंग्थ’ हे हेडर, मग दोनदा सीआर-एलएफ, मग जेसन. २०१६ साली जाहीर झालेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलची ही मांडणी कोणालाही सहज लिहिता येईल इतकी सोपी आहे. लिनक्सवर ती बिनतक्रार चालते. सी भाषेतला तोच सर्व्हर विंडोजवर कंपाइल केला की एडिटर गप्प बसतो. ना एरर, ना क्रॅश.

विंडोजच्या सी रनटाइममध्ये स्टँडर्ड आउटपुट मुळात टेक्स्ट मोडमध्ये असते. आपण लिहिलेल्या प्रत्येक एलएफच्या आधी रनटाइम स्वतःहून एक सीआर घालते. आपला सीआर तर आधीच तिथे असतो. म्हणजे बाहेर पडते ते सीआर-सीआर-एलएफ. पलीकडचा काटेकोर पार्सर हेडर संपण्याची वाट पाहत राहतो. सुरुवातीलाच दोन्ही प्रवाह बायनरी मोडवर टाकले की प्रश्न मिटतो. दोन्ही म्हणायचे कारण, टेक्स्ट मोडमध्ये वाचताना कंट्रोल-झेडचा बाइट आला तर फाइल संपली असेच समजले जाते.

याच हेडरमध्ये दुसरी मेख आहे. लांबी बाइटमध्ये द्यायची असते, अक्षरांत नव्हे. ‘नमस्कार’ची लांबी जावास्क्रिप्ट ७ सांगते, यूटीएफ-८ मध्ये त्याचे २१ बाइट होतात. सगळ्या कॉमेंट इंग्रजीत असतील तर हा दोष वर्षानुवर्षे दडून राहतो. मराठी कॉमेंटची एक ओळ त्याला लगेच उघडा पाडते. ही चाचणी आपल्याला फुकटात मिळाली आहे, तरी आपण टेस्ट डेटात ‘हॅलो वर्ल्ड’च लिहितो!

अशा वेळी ‘सगळे प्लॅटफॉर्म सांभाळणारी लायब्ररी घ्या’ असा सल्ला मिळतो. वाहिनीपुरता तो बरोबर आहे. नोड-जेएसला पाथ दिला की युनिक्सवर डोमेन सॉकेट आणि विंडोजवर नेम्ड पाइप उघडतो. २०१८ पासून विंडोज १० मध्येही युनिक्स सॉकेट आले, पण फक्त स्ट्रीम प्रकारचे. त्यावरून फाइल डिस्क्रिप्टर पलीकडे देण्याची युनिक्सवरची सोय तिथे नाही. पाथची मर्यादा लिनक्सवर १०८ बाइट, मॅकवर १०४. आणि मॅकच्या टेंपररी फोल्डरचा पाथ मुळातच लांबलचक.

खरा फरक दिसतो तो काही बिघडल्यावर. प्रोसेस मेली तरी युनिक्स सॉकेटची फाइल डिस्कवर तशीच राहते आणि पुढच्या वेळी बाइंड फसते. नेम्ड पाइप शेवटच्या हँडलबरोबर नाहीसा होतो. पलीकडचे टोक बंद असताना लिहायला गेलात तर युनिक्सवर सिगपाइप सिग्नल आपल्याच प्रोसेसला मारू शकतो, विंडोजवर नुसता एरर कोड हातात येतो. हे दोन्ही प्रसंग कोडमध्ये वेगवेगळे हाताळावे लागतात. लोकलहोस्टवर टीसीपी पोर्ट उघडणे सोपे वाटते, पण मग त्याच मशीनवरचा दुसरा युजरही आत येऊ शकतो. टोकन तपासणार नसाल तर तो मार्ग नको.

स्ट्रक्ट जसाच्या तसा मेमरीतून उचलून पाठवणारा कोड तर रिव्ह्यूमध्येच परत पाठवावा. ६४-बिट लिनक्स आणि मॅकवर ‘लाँग’ ८ बाइटचा असतो, विंडोजवर ४ बाइटचा. दोन्हीकडे कंपाइल होते, दोन्हीकडे चालते, आणि आकडे चुकतात. ठरावीक रुंदीचे पूर्णांक, ठरलेला बाइटक्रम आणि पुढे लांबी एवढे कागदावर लिहून काढा किंवा प्रोटोबफसारखे तयार स्वरूप घ्या. शेअर्ड मेमरीकडे वळायचे ते वेग मोजून, गरज सिद्ध झाल्यावरच.

आपल्या सीआयमध्ये तिन्ही सिस्टिमवर निदान तीन चाचण्या लावा: संदेश एकेक बाइट करून पाठवणे, मधेच समोरची प्रोसेस मारणे आणि देवनागरी नावाच्या फोल्डरमधून सर्व्हर चालवणे. कुठे काय फुटले ते आम्हाला जरूर कळवा.