दंड भरला, दारू सुटली का?



‘मद्यपी चालकांवर उपचार म्हणजे लाड’ हे पत्र वाचले. संताप रास्त आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले आणि चालकाच्या जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध अन् व्यसनमुक्ती समुपदेशन शेजारी शेजारी बसले. निबंधापायी समुपदेशनाचीही फुकट बदनामी झाली!

जीव गेला तिथे तुरुंगच हवा, त्यात वाद नाही. माझा मुद्दा नाकाबंदीत सापडणाऱ्यांचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कोर्टात दिसते ते असे : सकाळी अकरालाच हात थरथरणारा टेम्पोचालक, सही करताना घसरणारे पेन आणि शेजारी रुमालातल्या नोटा मोजणारी बायको. पावती मिळाली की गडी मोकळा. शिक्षा नेमकी कोणाला झाली?

१९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्यातील कलम ४ नुसार, लगेच शिक्षा न देता घेतलेल्या बंधपत्रात नशेपासून दूर राहण्याची अट न्यायालयाला घालता येते. तिला उपचार जोडा, तोवर परवाना निलंबित ठेवा, हजेरीचा अहवाल कोर्टात मागवा. दांडी मारली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा. पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून असे उपचार करते आहे.

पार्टीत दोन पेग चढवून स्टिअरिंग धरणारा हौशी मात्र व्यसनी नव्हे. त्याला उपचारांची जागा अडवू देऊ नये. दंड घ्यावा आणि परवानाही.

– एक वकील, पुणे