शेजारी कोण?

मगरिबची अजान जवळ आली की मोहल्ल्यातून खजूर, भजी, फळांची ताटं निघतात. बहुतेक ओळखीच्याच घरी जातात. तेव्हा मला वेंगुर्ल्याचं सेंट लूक्स हॉस्पिटल आठवतं. अमेरिकेहून आलेल्या मिशनच्या डॉक्टरांनी या परक्या किनाऱ्यावर रुग्णसेवा केली. त्यांच्यातल्या डॉ. गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला. पुढे तो अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला.

हॉस्पिटलला ज्या संत लूकचं नाव आहे, त्याच्या शुभवर्तमानात येशूला विचारलं जातं की शेजारी म्हणायचं कुणाला? येशू गोष्ट सांगतो. लुटलेल्या, जखमी माणसाला टाळून याजक पुढे गेला. ज्यांच्याशी त्याच्या लोकांचा व्यवहारही नव्हता, असा एक शोमरोनी मात्र थांबला. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, खर्चही भरला.

आमच्या पैगंबरांची (स.) शिकवणही तीच. शेजारी उपाशी असताना जो पोटभर जेवतो, तो मोमिन नव्हे. तिथे शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही.

म्हणून आज एक ताट अशा घरी जाऊ द्या, जिथून ते भरून परत येणार नाही.