हॉटेलचा कॉम्प्युटर आणि आमचा टॉवेल

हॉटेलातील कॉम्प्युटर म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर काउंटर येतो. पाहुण्याचे नाव, खोलीचा नंबर, छापील बिल. आम्ही हॉटेलांना चादरी-टॉवेल पुरविणारे; आमचा संबंध मागच्या दाराशी. आणि आमच्या मते या यंत्राची खरी करामत तिथेच आहे.

जर्मनीतील म्युनिक शहरात १९८७ साली ‘फिडेलिओ’ हे हॉटेलांचे सॉफ्टवेअर निघाले. ते जगभर पसरले, पुढे मायक्रोस कंपनीकडे आणि २०१४ मध्ये ओरॅकलकडे गेले. अशा सॉफ्टवेअरमध्ये पाहुण्याने खोली सोडताच ती ‘अस्वच्छ’ दिसते, सफाई झाली की ‘तयार’. त्याला भांडाराचा हिशोब जोडला की किती चादरी धुलाईला गेल्या, किती परतल्या, किती फाटून बाद झाल्या, हे रोजच्या रोज समजते. हॉटेलात कपड्यांचे निदान तीन संच लागतात. एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. चाळीस खोल्या, खोलीस दोन चादरी धरल्या तर २४० नग. पूर्वी भांडारवाला अंदाजाने ‘पाचशे पाठवा’ म्हणायचा आणि आम्हीही खुशीने पाठवायचो! आता ऑर्डर येते ३६ नगांची, तीही मापावजनासह: टॉवेल ३० बाय ६० इंच, चौरस मीटरला ५०० ग्रॅम. माप कमी भरले तर माल परत.

आमचे काही बांधव याला कटकट समजतात. आम्हाला ते पटत नाही. ज्याचा माल पन्नास धुलाया टिकतो त्याचे नाव आता नोंदीत दिसते. सोलापूरच्या चांगल्या टॉवेलवाल्याला याहून मोठी शिफारस कोणती? साहेबांच्या चहापाण्याचा जोर थोडा तरी उतरतो. अर्थात दर ठरवायला माणूसच बसतो, आणि त्याला चहा लागतोच.

दुसरी गोष्ट उधारीची. माल उतरला की त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख पडते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे ठरल्या तारखेला, पण माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज. आमच्यासारखे निव्वळ व्यापारी या तरतुदीत बसत नाहीत, ही आमची तक्रार आहेच. परंतु माग चालविणारा, शिलाई करणारा कारागीर उद्यम नोंदणी केली की बसतो. ही नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे मोजू नयेत. मात्र ‘माल कधी आला ते आठवत नाही’ असे हॉटेलवाला म्हणू लागला तर कायदा कारागिराच्या कामी कसा येणार? म्हणून टेम्पो रिकामा होताच कॉम्प्युटरमधून निघालेली, तारीख व नग लिहिलेली पावती मागून घ्यावी आणि बिलाला जोडून ठेवावी. हॉटेलवाला देत नसेल तर आपल्या चलनावर तारखेसह शिक्का व सही घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नये.